जुलैतला समुद्र

बाहेर तीन अंश.
रोसारिओच्या आमच्या स्वयंपाकघरात
ओव्हनचं दार उघडं टाकलंय उबेसाठी,
आणि आम्ही जानेवारीचं ठरवतोय.

एवारिस्तो औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे आकडे मांडतो.
मार देल प्लाता. बसची चार तिकिटं जाऊन-येऊन,
पोर्तेलाबाईंची मागची खोली,
किनाऱ्यावरचा कापडी तंबू, पंधरा दिवस.
थांब, पंधरा मागच्या आठवड्यात.
आज फोन केला तर तेवढ्यात अकराच बसतात.

नोटा मातेच्या रिकाम्या डब्यात आहेत.
कुणी हात लावला नाही,
तरी कमी झाल्यात.
बर्फासारख्या म्हणणार होते,
पण बर्फाचं निदान पाणी तरी होतं.

"तंबू नको मग. छत्री नेऊ."
सासूबाई, ज्यांना ऐकू येत नाही असं आम्ही धरून चालतो,
म्हणतात, "छत्री उडते."
चौऱ्याऐंशी साली उडाली होती त्यांची,
एका नोटरीच्या पाठीत बसली.
त्याच्या मुलाशी माझ्या नणंदेचं लग्न झालं
आणि मोडलंही.
छत्री अजून आहे. एक काडी वाकडी.

"मी नाही येणार यंदा."
लुदमिला. मोबाइलवरून मान न उचलता.
सतरा पूर्ण होतील तिला.
रांब्लावरच्या दगडी समुद्रसिंहाखाली
दर वर्षी उभं करून फोटो काढतो तिचा:
चौथऱ्याच्या कडेला डोकं लागलं का.
गेल्या वर्षी लागलं.
तेव्हाच कळायला हवं होतं.

कुणी काही बोलत नाही.
पण हिशेब बोलतो:
तीन तिकिटं धरली
तर तंबू येतो,
चौदा दिवस येतात,
बंदरावर एकदा तळलेली कोळंबीसुद्धा येते.
एवारिस्तोलाही दिसलंय ते; पोटात कालवल्यासारखं
तो कागदावरून नजर काढतो
आणि पेन्सिलीला टोक करायला उठतो,
टोक असलेल्याच पेन्सिलीला.

मी डब्याचं झाकण लावते.
चाराचा आकडा तसाच राहू दे म्हणते,
ऑगस्ट आहे, सप्टेंबर आहे,
नोटा आणखी झिजतील, पोरगी कदाचित वळेल,
दोन्हींचा भरवसा सारखाच.

"पाणी गारच असतं मेलं तिथलं,"
सासूबाई म्हणतात.
दर वर्षी म्हणतात.
आणि साडीएवढा लांब टॉवेल गुंडाळून
सगळ्यांआधी त्याच उतरतात.