चौथा चौकोन

सकाळी सातला, पोह्यांवर जिरावण भुरभुरत
आम्ही तिघे रोज या पिढीचा निकाल लावतो.
बुळे म्हणतो, पोरांना कणाच नाही.
टोकेकर म्हणतो, शाळेची प्रार्थना तरी येते का एकाला?
मी शेव जास्त मागून घेतो आणि म्हणतो,
आमच्या वेळी...
वाक्य पुरं करायची वेळ येत नाही.
दोघांच्या माना आधीच हललेल्या असतात.

म्हणून रामबागेतल्या आमच्या शाळेनं
खो-खोच्या सामन्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं
तेव्हा मी चार पानं लिहिली. पाठपोट.
'निष्ठा' हा शब्द सहा वेळा आला.

इंदूरची मराठी शाळा. पट सत्त्याण्णव.
खेळू शकतील अशा मोठ्या मुली मोजून नऊ,
त्यातली नववी माझ्या घरात,
बीजगणितासमोर.
दहावीचं वर्ष आहे, मीच म्हटलं होतं,
मैदान कुठे पळून जात नाही.
मृण्मयी काही बोलली नाही.
तिनं बूट कॉटखाली सरकवले,
टाचेनं, अगदी भिंतीपर्यंत.

देवासच्या नऊ. आमच्या आठ.
सात बसल्या, एक धावायला उभी,
आणि रांगेत चौथा चौकोन रिकामा,
चुन्यानं नीट आखलेला.
तिथं खो द्यायला पाठच नव्हती.
देवासची एक लुकडी पोर ते बरोबर हेरून
पुन्हा पुन्हा त्याच फटीतून निसटायची
आणि आमची धावणारी
तिथं आली की जराशी चुकायची,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाय टाकावा तशी.

मधल्या वेळात मी कप्तानाला बोलावलं.
फाल्गुनी ढोबळे. गुडघा सोललेला, त्यावर माती.
म्हटलं, अगं, एकेक जागा सरका,
खांबाजवळचा चौकोन रिकामा ठेवा,
मधे तरी फट नको.
ती पाणी प्यायली. मनगटानं ओठ पुसले.
"तो मृण्मयीचा आहे, आजोबा.
सरकलो तर तिला वाटेल, भरून निघाला."
मी कोण ते तिला ठाऊक होतं.
आवाजात त्यातलं काहीच नव्हतं.

चार गुणांनी हरल्या.
मग देवासच्या मुलींना आधी कचोऱ्या दिल्या,
स्वतः उरलेल्या वाटून घेतल्या,
आणि तशाच मातीच्या अंगानं उभ्या राहून
प्रार्थना म्हटली. तिन्ही कडवी.
तिसरं मला आठवेना.
मी नुसते ओठ हलवत राहिलो.

माइक आला.
पहिलं पान वाचून टाकलं, सवयीनं.
दुसऱ्यावर पहिलाच शब्द निष्ठा,
आणि समोर तो चौकोन,
उन्हात दात काढल्यासारखा पांढरा.

एकोणसत्तर साली मी याच रांगेत बसायचो.
नियम अजून पाठ आहेत.
खो मागून द्यावा, हात लावून, मोठ्यानं.
आणि देणाऱ्यानं लगेच त्या जागी बसावं.
आम्ही खो दिला कुठे?
घातला.
आणि बसणं तर राहूनच गेलं;
कोणी पकडायला उरलं नाही तरी
अजून मैदानभर धावतोय,
बसलेल्यांना नावं ठेवत.

"एवढंच," असं काहीतरी म्हणून मी खाली बसलो.
टाळ्या वाजल्या. मुलींना वाटलं, संपलं. बरं झालं.

घरी मृण्मयी टेबलाशी, पाठ माझ्याकडे.
वहीत एक समीकरण अर्ध्यावर.
किती वेळ उभा होतो कोण जाणे.
मग तिच्या पाठीवर हात ठेवला
आणि म्हटलं. मोठ्यानं नाही जमलं,
घशात नुसता खाकरल्यासारखा आवाज झाला.
ती वळली. माझ्या चपलांवरचा चुना पाहिला.

आता ती कॉटखाली वाकून
बूट ओढतेय, काठीनं,
आणि तिच्या खुर्चीत मी.
खुर्ची अजून गरम आहे.
क्षची किंमत
काही केल्या निघत नाहीये.