चढ वजा करून

मागच्या वर्षीचा मार्च उलटा करून
आम्ही ओट्यावर पसरला,
कागद गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
तूर, मूग, मसूर, आणि चौथा डबा रिकामाच.
दमयंती म्हणाली, आधी तळी काढ.
रस्ते मागून येतील.

मी मासुंदा काढला, माझ्या पहिल्या पोळीसारखा,
एका बाजूला ओढलेला.
मग मखमली, मग जेल तलाव
(पाणी आत की आपण, तिने विचारलं),
कोलबाड, सिद्धेश्वर, कचराळी,
हायवेच्या पलीकडे रायलादेवी,
आणि पार वर, डोंगराच्या पायाशी, उपवन.
कागदावर ठाणं कुठेच नव्हतं,
नुसती पाण्याची ठिगळं.

तिचा गुडघा सहा महिन्यांचा आहे.
वय विचारलं की आधी त्याचंच सांगते.
डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, हवी तेवढी,
फक्त सपाटीवर.
म्हणून हा खटाटोप: पहाटे साडेपाचला निघून
ऊन डोक्यावर यायच्या आत
सगळ्या पाण्यांना एकदा तोंड दाखवून यायचं.

अंतर मोजायला मी पट्टी आणली.
तिने शिवणाच्या डब्यातून लाल दोरा काढला.
चेंदणीच्या नाखवांची ती. तिचे आजोबा म्हणे
डोळे मिटून जाळं विणायचे,
आणि घरात बोटभर, वीतभर, वावभर
याच्या पलीकडे कुणी काही मोजलं नाही.
प्रत्येक तळ्यावर तिने एक गाठ मारली.
जाळंच झालं हे, मी म्हटलं.
मग लागेल की काहीतरी, ती म्हणाली.

त्यानंतर तासभर नुसते अडथळे.
इथे एकेरी वाहतूक. इथे पाइपलाइनसाठी खणलंय.
तीन हात नाक्याला उतरून पायी,
दोघींची पन्नाशी उलटली आहे, लाज कसली.
चहा कुठे, ते लाल फुलीने.
सकाळी सहाला बायकांसाठी संडास कुठे उघडा असतो,
ते निळ्या फुलीने.
लाल अकरा झाल्या. निळी एक,
तिच्याही पुढे प्रश्नचिन्ह.

मग उपवन. वर्तकनगर सोडलं की
रस्ता हळूच नाक वर करतो.
सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही तो चढ,
बसलं की मांड्यांना आधी कळतो.
मी काही न बोलता खोडरबर घेतलं
आणि डोंगराखालचं पाणी पुसलं.

ती दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
मग म्हणाली, कॉलेजात असताना
एकाच्या कॅरिअरवर बसून गेले होते तिथे.
चढाला त्याचा दम गेला, तो उतरला,
सायकल ढकलत राहिला,
आणि मी तशीच बसून, मांडीवर त्याचा डबा.
उतरायचं सुचलंच नाही गं मला.
डब्यात भेंडी होती.

कोण, ते मी विचारलं नाही.
तिच्या नवऱ्याला भेंडी चालत नाही
एवढं मला माहीत आहे.

चढ चढू नका म्हणालेत, ती म्हणाली,
सायकल हातात धरून चालू नका
असं कुठे म्हणालेत?
आणि जिथे मी पुसलं होतं
तिथे, त्या करड्या डागावर,
तिने शेवटची गाठ ठेवली.
रबराने पाणी पुरतं गेलं नव्हतं.
पहाटे उजाडायच्या आधी दिसतं
तसं दिसत होतं.

दोरा तिथेच संपला.
परतीचा रस्ता राहिला की, मी म्हटलं.
उतार आहे, ती म्हणाली, तो आपोआप येतो,
आणि चहा ठेवायला उठली,
आधी डावा पाय, मग हात टेकून
सहा महिन्यांचा.

मी मसुरीचा डबा जरा सरकवला
आणि त्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं:
शनिवारी रहमतकडे,
दोन्ही सायकलींचे मागचे ब्रेक.