डावा हात

सकाळी साडेआठला मोठे बाबा पारा वाचत.
नऊशे शहात्तर.
मग वहीच्या कडेला त्यात सव्वीस मिळवत.
"हे कशाचे?"
"समुद्रापर्यंतच्या विहिरीचे, पोरी.
आपलं फैजपूर वर, कुणाचं गाव खाली.
नकाशावर सगळ्यांना एकाच पाण्यावर उभं करावं लागतं."
समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.
रोज मात्र तेवढं खणून येत, मग चहा घेत.

नकाशा पोस्टानं यायचा, तीन दिवस शिळा.
केळीचं खोड आडवं कापावं तशा रेषा,
एकात एक, मधोमध कोंब.
रेषा लांब लांब, तिथं पान हलत नाही.
दाटल्या की पानाच्या चिंध्या.
वारा जास्तकडून कमीकडं निघतो खरा,
पण पृथ्वी त्याला उजवीकडं लोटते,
आणि ज्याच्याकडं निघाला त्यालाच
तो वळसा घालत बसतो.

मे महिन्यात गच्चीवर
वाऱ्याला पाठ देऊन ते डावा हात लांब करत.
"तिकडं कमी."
तिकडं सातपुडा. सातपुड्याच्या अलीकडं आमचं घर.
बांधावरच्या एका निंबापायी दोन भावांत
अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
(निंब केव्हाच पडला होता.
मी भूगोलाच्या वहीचं निमित्त करून जायची.)
माझे वडील ओट्यावरून तो हात बघत:
"काढतोय बघ आमची कमी."

मग त्या जूनमध्ये, नकाशात काहीच नसताना,
दुपारी चारला आलं आणि वीस मिनिटांत गेलं.
एवढंसं वादळ रेषांच्या फटीतून निसटतं,
हे ते स्वतःच शिकवायचे.

दुसऱ्या दिवशी पारा वाचून मोठे बाबा निघाले.
सरळ बोळानं पन्नास पावलं.
ते गेले खळवाडीवरून, मग टाकीमागून,
मग शाळेच्या कुंपणाकडेनं,
आणि आमच्या केळीत येऊन उभे राहिले.
वडील आडवी खोडं मोजत होते.
सगळी एकाच दिशेला निजलेली.
"वायव्येचा होता," मोठे बाबा म्हणाले.
वडिलांनी मान वर केली नाही.
"दिसतंय," म्हणाले.
मग दोघं मिळून मोजत गेले,
मधेच आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

ती वही आता माझ्याकडं आहे.
त्या तारखेला नुसतेच नऊशे पंचाहत्तर,
सव्वीस मिळवायचे राहून गेलेत.
मीही नंतर मिळवले नाहीत.