खोली नंबर चार, परकीय नोंदणी

मे महिन्यात आमच्या खोलीत
दोनच गोष्टी चालू असतात :
वाळ्याचा कूलर
आणि कुणाची तरी मुदत.

भागवंतीबाई जरीपटक्याहून येते,
ऑटोचे पैसे वाचवायला इंदोरा चौकापर्यंत पायी.
पिशवीत पासपोर्ट, घरमालकाचं वीजबिल
आणि वर्तमानपत्रात बांधलेले लसणाचे पापड,
जे मी घेत नाही,
आणि ती प्रत्येक वेळी आणते.
बावीस वर्षं ती पापड लाटते या शहरात.
बावीस वर्षं मी (माझ्याआधी कुणी कांबळेसाहेब) लिहितो :
जन्मस्थान, घोटकी.

या वेळी तिला गोंदियाला जायचंय.
भाचीचं बाळंतपण. चार दिवस फक्त.
गोंदिया म्हणजे गाडीनं दोन-अडीच तास.
तिच्यासाठी तीन सह्या.
देशाची अंतरं जिथून मोजली म्हणतात
तो दगड आमच्या ऑफिसपासून हाकेवर आहे.
त्यावर मैल कोरलेत.
सह्यांचं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

हसू नका.
एकदा एक जण आला होता,
इस्त्रीचा शर्ट, बोलायला लाघवी.
अर्जावर एक नाव, बॅगेच्या चिठ्ठीवर दुसरं.
मला दिसलं होतं.
मुलीची शाळा सुटायची वेळ झालेली. मारला शिक्का.
तो पुढे कुठे गेला माहीत नाही.
काही झालंही नसेल.
पण तेव्हापासून मी नाव दोनदा वाचते,
बापाचं तीनदा,
आणि पेपरात कुठे काही फुटलं की
आधी फोटो बघते.

रात्री दोनला आमच्या गल्लीत शिट्टी वाजते.
टेकराज. गाव अछाम, नेपाळ.
माझ्या कपाटात त्याची फाईल नाही,
लागतच नाही.
दरवर्षी दसैंला तो बनबशाच्या पुलावरून घरी जातो,
डोक्यावर पत्र्याची पेटी.
‘कोणी विचारत नाही का रे?’
‘कोन विचारते जी, मॅडम? पूल आहे थो.’
दिवसभर परकीय मोजून दमलेली मी
एका परकीयाच्या काठीच्या ठकठकीवर
निर्धास्त झोपते.

हे सगळं मी त्याला एकदा सांगितलं, गंमत म्हणून.
तो हसला नाही.
म्हणाला, आमच्या गावची सरिता त्याच पुलावरून गेली,
चौदाची होती, मामासोबत.
मामा नव्हता तो.
‘एखाद्यानं अडवून विचारलं असतं ना,
पोरी, हा तुझा कोन...’
आणि शिट्टी तोंडात धरून
तो कोपऱ्याकडे निघून गेला.

त्या रात्री मला झोप नाही लागली.
पूल आणि शिक्का,
दोन्ही माझ्याच टेबलावर ठेवल्यासारखे.
कुठला कुठे ठेवू?
भागवंतीला जिथे कुणी विचारायला नको
तिथे मी तीनदा विचारते;
सरिताला एकदाच विचारायचं होतं
तिथे कुणी नव्हतं.

तिसरी सही साहेबांची. साहेब रजेवर.
परवानगी आली तेव्हा भाचीची पोर
सव्वा महिन्याची झाली होती.
भागवंती कागद घेऊन उभी राहिली,
रागावली असती तर बरं वाटलं असतं.
म्हणाली, ‘मॅडम, मुलगी झाली. नाव तिथंच ठेवलं.
आता बारशाला नाही, दात यायला जाईन.’
आणि पुडकं टेबलावर ठेवून गेली.
मी हाक मारली नाही.

पापड घरी आणले. नियमाबाहेर.
मला लसूण चालत नाही,
डब्यात पडून राहिले दसऱ्यापर्यंत.
मग टेकराजच्या पेटीत, स्वेटरांच्या मध्ये दिले घालून.

पूल ओलांडून गेले असतील.
कुणी जन्मस्थान विचारलं नसेल.
अर्धे तर फुटलेच असतील रस्त्यात.