झाकणाच्या आत

कुट्ट्यालीनं भिंग कपाळावर सरकवलं
आणि म्हणाला, बावीस दीनार.
मनामाच्या बाजारात, अत्तरवाल्याला खेटून,
हातभर रुंद त्याचं दुकान.
स्वतः खोलणार असशील तर खुशाल खोल,
फक्त मग डबीत भरून माझ्याकडे आणू नकोस.

बावीस दीनार म्हणजे धाकटीच्या क्लासचे दोन महिने.
आणि मी सित्र्याच्या प्लँटवर
सोळा वर्षं दाबाची मीटरं लावतो,
काटा खोटं बोलतोय हे मला त्याच्या तोंडावरून कळतं.
रुपयाएवढ्या यंत्राला मी का भ्यावं?

घड्याळ कुमुदआत्याचं.
चौऱ्याहत्तर ते ब्याऐंशी ती इथल्याच इस्पितळात नर्स.
लग्न केलं नाही, आमच्या घरावर स्लॅब टाकला.
तबकडी मनगटाच्या आत वळवून बांधायची
आणि सेकंदकाट्यावर परक्यांच्या नाड्या मोजायची.
तिची मी मोजली, शेवटच्या आठवड्यात,
मोबाइलवर.
हे तेव्हा बंदच होतं.

रात्री खाटेवर डब्याचं झाकण, त्यावर पांढरा रुमाल.
एसी घरघरतोय, दिलबहादूर त्याच्याहून मोठ्यानं.
नखाएवढ्या खाचेत पातं घातलं,
मागचं झाकण निघालं.
आतल्या बाजूला, केसाहून बारीक ओरखड्यांत,
अरबी आकड्यांतली एक तारीख,
खाली नुसताच एक इंग्रजी आर,
आणि कडेला, देवनागरीत: घारे, चिपळूण, ८९.

ज्यांनी ज्यांनी उघडलं, चालू केलं,
त्यांनी कुणाला दिसणार नाही अशा जागी सही केली.
आत्या ही माणसं नाडीला लावून हिंडली
आणि तिला पत्ता नव्हता.

स्क्रूड्रायव्हर टेकवला.
हात कापला नाही, खोटं कशाला सांगू.
पण मीटर बिघडलं तर
स्टोअरमधून दुसरं मिळतं.

झाकण दाबून बसवलं. टक्.

शुक्रवारी भंगारात दोन दीनारला
त्याच जातीचं एक मेलेलं घेतलं.
पट्टा नाही, काच तडकलेली, कुणाचंच नाही.
आधी हे.
उडू दे स्प्रिंग खाटेखाली,
दिलबहादूर शिव्या घालत टॉर्च धरेल.

कुट्ट्यालीला जाऊन सांगितलं.
तो हसला नाही. सुलेमानी मागवली,
खण उपसून एक जुनी चिमटी काढली,
टोकं अंगठ्यावर घासून पाहिली,
माझ्याकडे सरकवली.

भाडं पडेल, म्हणाला.