डिपॉझिट

शनिवारी सातच्या आत जॅकेट परत करायचं,
नाहीतर डिपॉझिटचे दीड हजार बुडाले.
म्हणून रात्रपाळी करून आल्या आल्या
मोठ्या बादलीत रिठे भिजत घातले.
आत पिसं आहेत, म्हणाला होता दुकानदार,
पिळायचं नाही, आपटायचं नाही,
बाळाला न्हाऊ घालतात तसं, ताई.

पहिल्या पाण्यात रॉकेलचा वास निघाला,
मग खेचरांच्या लिदीचा.
दुसऱ्या पाण्यात माती. करडी, पिठासारखी बारीक,
आमच्या कन्नमवार नगरात कुठेच नसलेली.
मीही ती पाहिली नव्हती.
ती वरची आहे.

मी चौथ्या तळावरून परतले.

सहा महिने इमारतीचे जिने चढले होते,
सात मजले, रोज बारा खेपा,
पाठीवर दहा किलो तांदूळ.
सहाव्या मजल्यावरचा कुत्रा आधी भुंकायचा,
मग नुसता एक डोळा उघडायचा,
शेवटी तेही सोडलं त्यानं.
पण जिन्यात हवा असते.
हे जिना चढताना लक्षात येत नाही.

चौथ्या रात्री कुंदननं बोटाला ऑक्सिमीटर लावला.
सत्तर.
बोट काखेत धरून गरम केलं, पुन्हा लावला.
एकाहत्तर.
एकवीस वर्षं वॉर्डात नातेवाइकांना सांगत आले,
आकड्याकडे बघू नका, पेशंटकडे बघा.
कुंदन माझ्याकडेच बघत होता.
मी बुटाची नाडी बांधत होते.
तीनदा गाठ मारली,
तीनदा ती तिथे नव्हतीच.

खिंड कुठे पळून जात नाही वगैरे
तो काही म्हणाला नाही.
एवढंच म्हणाला, उतरताना
खेचराच्या दरीकडच्या बाजूला चालू नका.

तंबूत कौमुदी होती, अमरावतीची, तेवीस वर्षांची.
तिच्या जॅकेटची चेन तुटलेली, दात वाजत होते.
पहाटे दोनला माझं काढून तिला दिलं.
खाली जायला मला स्वेटर पुरे होता.
तर झालं ते असं :
चौदा हजार आठशे फुटांवर
माझ्या मापाचं जॅकेट गेलं.

तिनं फोटो पाठवला.
खिंडीत, पाठमोरी, दोन्ही हात वर,
मागे नुसतं पांढरं, त्यावर हे नारिंगी.
आईला दाखवला. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
म्हणाली, बारीक झालीस गं.
मी फोन तसाच धरून ठेवला,
तिचं बघून होईपर्यंत.

समोरच्या पागेबाईंनी दारातूनच विचारलं,
काय, झालं का सर?
म्हटलं, धुणं काढलंय.

ऑक्टोबरचं ऊन, तरी दोन दिवस वाळेना.
पिसांच्या गुठळ्या झालेल्या, शिवणीशिवणीत,
बोटांनी एकेक सोडवत बसले,
शेवयांच्या पिठातली गाठ मोडावी तशी.
खालच्या पोरांकडून दोन टेनिस बॉल आणले,
ते बाह्यांत घालून झटकलं, मग हळूहळू
खांदे भरून आले त्याचे.
आतल्या खिशात पुडी सापडली,
मी वर खायला ठेवलेली आवळासुपारी.
कौमुदीला दिसली नसावी.
वर जाऊन, धुतली जाऊन आली होती.
खाल्ली. मीठ सगळं निघून गेलेलं.

दादरला दुकान तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
चढले. धाप लागली नाही.
हे आता कुणाला सांगणार?

त्यानं चेन दोनदा वरखाली करून पाहिली,
कॉलरचा वास घेतला, खूश झाला.
रिठे का? म्हणाला. कळतं लगेच.
मग वही उघडली. तेवीस नंबर.
कुठवर गेलं होतं?

खिंडीपर्यंत, मी म्हटलं.

त्यानं तसं लिहिलं,
पाचशेच्या तीन नोटा मोजून पुढे केल्या
आणि वही माझ्याकडे फिरवली,
इथे सही.