दोन सेकंद

बटण दाबलं की दोन सेकंद उजेड यायचा.
दोन सेकंदांत एक ओळ वाचून होते,
सराव झाला की दीड.
मग काळं.
पुन्हा बटण, पुन्हा दीड ओळ,
असं करत सोमवारी सकाळी मी
अवंती खुटवडच्या प्रबंधाची अडीच पानं तपासली –
प्रकरण चौथं, भोर तालुक्यातल्या बारवा –
आणि चहावर साय धरल्यावर कळलं
की हे काही खरं नाही.

काचेचं दार असलेल्या दुकानातला मुलगा
मॉनिटर न उघडताच म्हणाला, पॅनल गेलं.
नवीनच घ्या, साडेसात हजारांपासून पुढे.
पानाला तीस रुपये घेणाऱ्या बाईला
साडेसात हजार म्हणजे अडीचशे पानं.
मी मॉनिटर पुन्हा चादरीत गुंडाळला.

पॅनल गेलं म्हणजे नक्की काय गेलं?
कॅप्स लॉकचा दिवा लागत होता, विझत होता.
पंखा घरघरत होता.
शेजारच्या कुलथ्यांच्या टीव्हीला वायर जोडली
तर त्यांच्या मालिकेच्या जागी
अख्खी बारव उभी राहिली, नकाशासकट.
म्हणजे डबा ठीक होता.
मग रात्री, लाइट घालवून,
टॉर्च तिरका धरला काचेवर.

होती. अक्षरं होती.
राखेवर राखेने लिहावं तशी,
पण काना-मात्रा जागच्या जागी,
आणि मधोमध चौकट विचारत होती
बदल जतन करायचे का?
हो, बाई, हो.
पडदा मेला नव्हता.
त्याच्या मागचा दिवा दम टाकत होता.
टॉर्च दातांत धरून मी पुढचं पान टाइप केलं,
सत्तावीस पायऱ्या, तळाशी गाळ,
उत्तरेच्या कोनाड्यात शेंदूर.
जबडा दुखला म्हणून थांबले.

मंगळवारी धनकवडीच्या बसमध्ये
मांडीवर चादरीचं गाठोडं.
कंडक्टर म्हणाला, मूल आहे का लगेज?
मंडईला उतरून चालत तापकीर गल्ली,
दिव्यांच्या माळांच्या दोन दुकानांमधली बोळ,
आत अत्तार.
त्याने पहिलं विचारलं, प्लग कधी काढला?
रात्री, म्हटलं.
मग बरं, म्हणाला, आत करंट धरून बसतो.
बाद झालेल्या एटीएम कार्डाने त्याने कड उचकटली,
झाकण निघालं, धूळ निघाली,
आठ-नऊ वर्षांची माझ्याच खोलीतली.

हे बघा.
करंगळीच्या पेराएवढे तीन डबे.
यांची टोपी सपाट पाहिजे.
दोघांची टम्म फुगली होती, पुरीसारखी.
तिसरा? तिसरा बरा आहे,
पण त्याचंही वय तेवढंच ना.
तिसराही काढला.
राळेचा वास, शिश्याचा थेंब,
थेंब गार होईपर्यंत त्याने श्वास रोखलेला,
मीही, कशाला कोण जाणे.

पंधरा त्रिक पंचेचाळीस, मजुरी दीडशे.
मी दोनशे दिले.
पाच सुटे नव्हते, म्हणून त्याने एक फ्यूज दिला.
असू द्या घरात.
आणि काढलेले तिन्ही डबे कागदाच्या पुडीत,
उद्या म्हणाल, बदललेच नाहीत.

घरी येऊन बटण दाबलं.
दोन सेकंद.
तीन.
मी हात बटणाजवळच ठेवला होता.
दहा मोजले, मग साठ,
मग मोजायचं विसरले.

उजव्या कोपऱ्यातला तो निळा ठिपका,
जो पहिल्या दिवसापासून काही केल्या जात नाही,
मी आधी तोच शोधला. होता.

मग रात्रीचं पान उघडलं.
टॉर्चखाली सगळीकडे पायऱ्यांच्या पाऱ्या झालेल्या,
शेंदूर ऱ्हस्व,
आणि सत्तावीसच्या जागी सदतीस.
दहा पायऱ्या जास्तीच्या उतरले होते मी अंधारात.
त्या एकेक करून खोडल्या.